होडीचा सातबारा

राहुरी तालुक्यात एकरभर जमीन विकायची म्हटली तरी कागदांची रांग लागते. आधी इसार पावती, मग दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत, मग फेरफार, नोटिशीची मुदत आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव. जुनी मोटारसायकल घेणारासुद्धा आरसी बुकावर आपले नाव लागेपर्यंत एजंटामागे फिरतो. त्याच तालुक्यात मुळा धरणाच्या काठावर दहा-पंधरा माणसे वाहून नेणारी होडी मात्र अनेकदा चारचौघांसमोर पैसे मोजून आणि वल्हे हातात देऊन विकली जाते. कागदाचा चिटोराही उरत नाही. पुढे काही बिनसले तर ही होडी कोणाची, या साध्या प्रश्नाला गावातल्या आठवणीशिवाय दुसरे उत्तर नसते. हे प्रकरण त्या प्रश्नाबद्दल आहे.

राहुरी हे काही बंदराचे गाव नाही. ऊस, कांदा आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ ही त्याची ओळख. तरीही इथे होड्या आहेत, कारण इथे मुळा धरण आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा बारागाव नांदूरजवळ मातीच्या लांबलचक बांधाने अडवली गेली आणि सुमारे २६ टीएमसी पाणी मावेल असा जलाशय तयार झाला. त्यालाच ज्ञानेश्वरसागर म्हणतात. कालव्यांनी हे पाणी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीपर्यंत जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. फुगवट्याच्या पलीकडे राहिलेल्या वावरथ, जांभळीसारख्या गावांसाठी मात्र हेच पाणी वाटेत आडवे येते. तालुक्याच्या गावाला यायचे तर डोंगरातून लांबचा वळसा घ्या, नाहीतर होडीत बसा. शिवाय जलाशयात जाळी टाकून पोट भरणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या लेखी होडी म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी बैलजोडी. अशी वस्तू हात बदलते तेव्हा तिचा कागद व्हायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे, आणि तो करणे वाटते तितके अवघडही नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. तोंडी विक्री बेकायदा नसते. होडी ही जंगम मालमत्ता. तिच्या खरेदी-विक्रीला १९३० चा मालविक्री कायदा लागतो आणि त्यात करार लेखी असू शकतो तसा तोंडीही असू शकतो. जमिनीच्या खरेदीखतासारखी दुय्यम निबंधकाकडची नोंदणीही होडीच्या दस्ताला सक्तीची नाही. मग अडते कुठे? पुराव्यापाशी. त्याच कायद्याची दोन तत्त्वे इथे नीट समजून घ्यायला हवीत. पहिले असे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. चोरीची होडी प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजून घेतली तरी खरा मालक उभा राहिल्यावर ती सोडावी लागते. दुसरे असे की वेगळे काही ठरले नसेल तर मालकी ज्या क्षणी जाते त्याच क्षणी जोखीमही जाते. सकाळी सौदा झाला, दुपारी वादळात होडी खडकावर आपटून फुटली, तर नुकसान कोणाचे? मालकी कधी गेली हे लिहिलेले नसेल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. म्हणून ताब्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहावी. विकणाऱ्याच्या दृष्टीने तर ही ओळ सर्वांत मोलाची. होडी विकल्यानंतर त्याच संध्याकाळी नव्या मालकाच्या हातून काही घडले, तर ती तेव्हा आपल्या ताब्यात नव्हती हे त्याला दाखवता येते.

दस्त कसा असावा ते एका उदाहरणातून पाहू. समजा, वावरथच्या एका माणसाने आपली अठरा फुटी फायबरची होडी इंजिनासह बारागाव नांदूरच्या माणसाला विकायची ठरवली. दस्तात विकणारा ‘लिहून देणार’ आणि घेणारा ‘लिहून घेणार’. दोघांची पूर्ण नावे, वय, पत्ता, ओळखपत्राचा तपशील. पत्त्यात जिल्हा अहिल्यानगर असे लिहायचे, पण जुन्या पावत्या आणि दाखल्यांवर अहमदनगर असेल, म्हणून ‘पूर्वीचा अहमदनगर’ हे दोन शब्द जोडले की पुढे कोणी शंका काढत नाही. मग होडीचे वर्णन, आणि इथे आळस करायचा नाही. ‘एक निळी होडी’ असे वर्णन म्हणजे वर्णनच नव्हे. लांबी, सर्वांत रुंद जागची रुंदी, खोली, लाकडी की फायबरची की पत्र्याची, बांधणाऱ्याचे नाव माहीत असेल तर ते, बांधणीचे वर्ष, नाळेवर कोरलेले किंवा रंगवलेले नाव अथवा क्रमांक, जुन्या दुरुस्तीच्या खुणा. नोंदणी झालेली असेल तर नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राची तारीख. होडीचे चारही बाजूंनी फोटो काढून, त्यांवर दोघांच्या सह्या घेऊन ते दस्ताला जोडावेत. रंग बदलता येतो, पण तळाच्या ठिगळाचा आकार सहसा बदलत नाही.

इंजिनाला दस्तात स्वतंत्र परिच्छेद द्यावा. मागे टांगायचे आऊटबोर्ड इंजिन दोन पकडींवर बसते आणि काही मिनिटांत सुटते. त्यामुळे ते होडीपेक्षा सहज चोरीला जाते आणि होडीपेक्षा सहज विकले जाते. कंपनी, अश्वशक्ती आणि अनुक्रमांक लिहायचा. हा अनुक्रमांक बहुधा इंजिनाच्या पकडीजवळच्या छोट्या पट्टीवर असतो. ती पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर सौदा तिथेच थांबवावा, मग किंमत कितीही उतरवून मिळो. मूळ खरेदीची पावती मागावी. ती हरवली असेल तर विकणाऱ्याने तसे दस्तात लिहून द्यावे. त्यानंतर सोबत येणाऱ्या वस्तू: वल्ही, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, हवेने भरलेल्या ट्यूबा, इंधनाची टाकी. जे लिहिले ते मिळाले, जे लिहिले नाही ते मिळाले नाही, एवढे स्पष्ट असावे.

किंमत अंकी आणि अक्षरी लिहावी. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी आणि व्यवहार क्रमांक दस्तात उतरवावा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हे मोठी बोट घेणाऱ्यांनी विसरू नये. इसार दिला असेल तर त्याची वेगळी पावती हवी, आणि सौदा मोडला तर इसार कोणाकडे राहणार हे त्या पावतीवरच ठरवून टाकावे. शेवटी विकणाऱ्याची हमी: होडी माझ्या मालकीची आहे, तिच्यावर बँकेचा, पतसंस्थेचा किंवा कोणाचा बोजा नाही, ती कोणत्याही गुन्ह्यात जप्त झालेली नाही, आजवरची देणी माझी, यापुढची घेणाऱ्याची. दोन साक्षीदार, प्रत्येक पानावर सह्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा साध्या करारनाम्यांना शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागू लागला. तुमच्या दस्ताला नेमके किती मुद्रांक शुल्क पडेल ते लिहिण्याआधी विचारून घ्यावे. नोटरी करून घेतलेली बरी. नोटरीने मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक दिवशी अमुक माणसांनीच सही केली, याला भक्कम आधार मिळतो.

विकणारा एकटाच मालक आहे का, हेही पाहायला हवे. वडील वारले, होडी काठावर पडून राहिली आणि थोरल्याने विकली, तर धाकटे भाऊ, बहिणी आणि आई यांचा त्यात वाटा असू शकतो. सगळ्या वारसांची संमती दस्तावर असावी. होडी मच्छीमार सहकारी संस्थेची असेल तर अध्यक्षाची सही पुरत नाही, संस्थेच्या ठरावाची प्रत लागते. अनुदानातून घेतलेली होडी असेल तर मंजुरीचे पत्र मागून अटी वाचाव्यात. सरकारी मदतीने मिळालेली वस्तू ठरावीक काळ विकता येत नाही, अशी अट अनेक योजनांत असते. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जिल्हा कार्यालयात एक चौकशी केली की ही शंका मिटते.

नगर जिल्ह्यात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते आणि ती किनारपट्टीवरच्या पुस्तकांत सापडणार नाही. ती म्हणजे वाळू. भीमेच्या पात्रात श्रीगोंदा, कर्जत, दौंडच्या बाजूला यांत्रिक बोटी लावून वाळूचा बेकायदा उपसा होतो. महसूल आणि पोलिसांची पथके अशा बोटी पकडतात, कित्येकदा जिलेटीन लावून पात्रातच उडवून देतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ४८ गौण खनिजाच्या चोरीत वापरलेली साधने जप्त करण्याचा अधिकार देते. अशा धंद्यातून बाहेर पडलेला सांगाडा किंवा इंजिन कधी स्वस्तात विकायला येते. तळात वाळूने घासलेले पट्टे, जड पंप बसवल्याच्या खुणा, बाजूला नळीसाठी पाडलेली भोके, आणि बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दस्ताने होडी तुमची झाली. ती पाण्यावर चालवण्याचा अधिकार ही वेगळी गोष्ट, आणि तिथे नोंदणी येते. नद्या, कालवे, तलाव यांवरच्या नौकांसाठी आपल्याकडे १९१७ चा अंतर्देशीय नौका कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, मुंबई इलाख्याने नदी उतरवणाऱ्या नावा आणि अंतर्गत जलमार्गांवरच्या नौका यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. म्हणजे धरणे नव्हती तेव्हाही नदी उतरवणाऱ्या नावाड्याचे काम सरकारच्या नजरेखाली होते. कोकण किनाऱ्यावर तर अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांचे दस्तक नसलेले गलबत पकडले जाई. नौकेला कागद लागतो ही समज आपल्या भूमीत जुनीच आहे, धरणांच्या पाण्यापर्यंत तेवढी ती पोहोचली नाही. आता १९१७ च्या कायद्याची जागा अंतर्देशीय नौका अधिनियम २०२१ ने घेतली आहे.

नव्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची रेघ इंजिनापाशी ओढलेली आहे. पूर्णतः किंवा अंशतः यंत्राने चालणारी नौका वेगळी, आणि वल्ह्याने वा शिडाने चालणारी वेगळी. ‘अंशतः’ हा शब्द राहुरीकरांनी ध्यानात ठेवावा. वर्षानुवर्षे वल्ह्याने चालणाऱ्या लाकडी होडीला कोणी एका हंगामात छोटे इंजिन जोडले की ती यांत्रिक नौकेच्या वर्गात जाते, मग इंजिन रोज चालवा की वारा असेल तेव्हाच. यांत्रिक नौकेला दोन प्रमाणपत्रे लागतात: आधी सर्वेक्षणाचे, मग नोंदणीचे. त्यांचा क्रमही तसाच. सर्वेक्षकाने सांगाडा, इंजिन, जीवरक्षक साधने तपासून होडी योग्य ठरवल्याशिवाय नोंदणी होत नाही. आरटीओच्या नोंदणीपेक्षा हा फरक मोठा आहे, कारण इथे नोंदणी क्रमांकाआड होडीच्या प्रकृतीची तपासणी उभी असते. त्याशिवाय विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता यांच्याही अटी आहेत. नोंदणी झाली की मिळालेले चिन्ह होडीवर सहज दिसेल असे रंगवायचे. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते, आणि नौकांची माहिती एका केंद्रीय नोंदीत जमा होण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाची प्रादेशिक बंदर कार्यालये किनाऱ्यावर आहेत. राहुरीच्या माणसाला ती दूर पडतात, ही अडचण खरीच आहे आणि ती मान्य करायला हवी. पण अर्ज करण्याआधी कागद जुळवून ठेवले तर खेटे कमी होतात: विक्रीदस्त, बांधणाऱ्याचा दाखला किंवा बिल, इंजिनाची पावती, होडीची मापे, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. आधीच नोंदणी असलेली होडी घेतली असेल तर जुन्या मालकाचे मूळ प्रमाणपत्र ताब्यात घेऊनच शेवटची रक्कम द्यावी आणि मालक बदलल्याची नोंद करून घ्यावी. प्रमाणपत्र हातात आहे म्हणून आपण नोंदणीकृत मालक झालो, असे होत नाही. त्यावर नाव चढले पाहिजे. होडीची लांबी वाढवली, इंजिन मोठे बसवले, छत चढवले, तर तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते, कारण सर्वेक्षण झाले होते ते आधीच्या होडीचे.

किनाऱ्यावरून जुनी होडी स्वस्तात आणणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रात मासेमारी करणाऱ्या नौकांची नोंद निराळ्या व्यवस्थेत, मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते. अशी होडी ट्रकवर चढवून धरणावर आणली म्हणजे तिची समुद्रातली नोंद आपोआप इथे येत नाही. विकणाऱ्याने ती नोंद रीतसर रद्द करून घ्यावी आणि रद्द झाल्याचा कागद तुम्हाला द्यावा. नाहीतर एकच नाव किनाऱ्याच्या वहीतही जिवंत आणि जलाशयावरही तरंगती, असा घोळ होतो.

नोंदणी झाली तरी मुळा जलाशयावर होडी घालण्याची परवानगी हा आणखी निराळा विषय. पाणी आणि जलाशय जलसंपदा विभागाचे. मासेमारीचा हक्क इजाऱ्याने ज्या संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असेल त्याचा. भाड्याने माणसे वाहायची असतील तर सुरक्षेच्या अटी अधिक कडक. विकणारा ‘परवानगी आहे’ म्हणाला तर ती कोणाच्या नावाची, कशासाठीची आणि कधीपर्यंतची ते वाचावे. होडीबरोबर परवानगी विकली जात नाही.

आता यंत्र नसलेल्या होड्या. मुळेच्या काठावर अशाच जास्त, आणि थर्मोकोलचे किंवा ट्यूबचे तराफे तर हिशेबाबाहेरच. नव्या कायद्याने त्यांना वगळलेले नाही. त्यांची नावनोंदणी करणे, माहिती ठेवणे, प्रमाणपत्र देणे आणि बांधणीबाबत मालकांना सल्ला देणे ही कामे राज्य सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतात. मला या कायद्यातली ही सर्वांत समंजस तरतूद वाटते. गरीब नावाड्याला मुंबईकडे धावायला न लावता त्याच्या होडीची दखल गावातच घेता येईल, अशी ती वाट आहे.

ही दखल कशासाठी घ्यायची, ते २०२४ च्या मे महिन्याने दाखवून दिले. २१ मे रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला. दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील सुगाव इथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसांनाही पाणी सोडत नाही. कागद बुडत्याला तारत नाही, हे कोणी सांगायला नको. पण त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा तिची मंजूर प्रवासी क्षमता ८४ असल्याचे आणि बोटीत त्याहून जास्त माणसे असल्याचे लगेच समोर आले. क्षमता कुठेतरी लिहिलेली होती म्हणूनच तो प्रश्न विचारता आला. ज्या होडीची क्षमता कोणी मोजलेलीच नाही, तिच्यात किती माणसे जास्त होती हे कसे ठरवणार? भरपाई कोणाकडे मागणार, विमा कोण देणार?

होडी घ्यायची तर ती मे महिन्यात घ्यावी, असे माझे सांगणे आहे. मुळेचे पाणी तेव्हा उतरलेले असते, होड्या कोरड्या गाळावर ओढून ठेवलेल्या असतात आणि तळ डोळ्यांना दिसतो. फायबरच्या थरावर फोड आले आहेत का, बोटाच्या पेराने ठोकल्यावर कुठे पोकळ आवाज येतो का, इंजिन बसते ती मागची फळी आतून कुजली आहे का, लाकडाच्या सांध्यातला काथ्या सुटला आहे का, हे सगळे पाण्यात तरंगणाऱ्या होडीत कळत नाही. मालविक्रीच्या कायद्यात घेणाऱ्याने पाहून घ्यावे, हाच मूळ नियम आहे. सापडलेले दोष दस्तात लिहावेत आणि किंमत त्यावर ठरवावी. मग पाऊस येण्याआधी दुरुस्ती आणि अर्ज दोन्हींना वेळ मिळतो.

काठावरच्या ग्रामपंचायतींना मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. बारागाव नांदूर, वावरथ, जांभळी आणि जलाशयाभोवतीच्या इतर गावांना ग्रामसभेत ठराव करून गावातल्या होड्यांची एक वही आजही सुरू करता येईल. त्यात मालकाचे नाव, होडीची मापे, इंजिन असल्यास त्याचा क्रमांक, किती माणसे बसवायची तो आकडा, लाइफ जॅकेट किती, आणि होडी विकली गेली तर कोणाला आणि कधी, एवढे असले तरी पुरे. ही वही कायद्याच्या नोंदणीची जागा घेणार नाही. पण नोंदणी करणारे उद्या गावात आले तर त्यांना सुरुवात करायला काहीतरी हातात असेल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि तुमच्या घरी होडी असेल तर त्या वहीत पहिले नाव तुमचे लिहा.